लग्नाची तारीख

"लग्न कधी झालं?" तहसील कचेरीच्या खिडकीतल्या मॅडमनी मान वर न करता विचारलं, आणि माझी आई म्हणाली, "नाय झालं."

मॅडमची बोटं की-बोर्डवर थांबली. मागे रांगेत कुणीतरी खोकलं, वरचा पंखा कुरकुरत फिरत राहिला. उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं मला झालं. आदल्या दिवशी मी आईला सगळं पढवलं होतं. नाव विचारतील, नवऱ्याचं नाव विचारतील, तो कधी वारला विचारतील, नावावर जमीन आहे का विचारतील, तर नाही म्हण. लग्नाचं मी काही सांगितलंच नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? बाप श्रावणात तापाने गेला. आई विधवा झाली. विधवेला सरकार दर महिन्याला पेन्शन देतं, आणि घरातला कर्ता माणूस गेला म्हणून एकदा वेगळी मदतही देतं. मी शहापूरच्या एसटी स्टँडमागे एका सेवा केंद्रात बसते आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच अर्ज भरते, दुसऱ्यांचे. दुसऱ्यांच्या आयांची पेन्शनं मी सुरू करून दिली आहेत, आणि माझ्या आईने माझ्यादेखत हात दाखवून अवलक्षण केलं.

"नाही झालं म्हणजे?" मॅडमनी आता वर बघितलं. "हे धाकलू तुमचे कोण?"

"माजा घरवाला."

"मग लग्न?"

"राह्यलं तसंच. औंदा करू, औंदा करू बोलत राह्यला. मंग मेला."

रांगेतल्या दोन बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यांना शिव्या घालणं सोपं आहे आणि मनातल्या मनात मी त्या घातल्याही. त्यांनी आईची कागदं पुन्हा एकदा चाळली. रेशनकार्डावर बाप, खाली आई, खाली मी आणि माझा भाऊ भगीरथ. बापाच्या मरणाचा दाखला. आईचं मूळ गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या वरची वाडी. राहणार शेणव्याजवळ, तालुका शहापूर. "इथे कधीपासून आहात, मावशी?" त्यांनी विचारलं. "ही पोटात होती तवापासून," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. मॅडमनी आवाज खाली आणला. "अहो, पण लग्न झालं नसेल तर तुम्ही विधवा कशा?" साधा प्रश्न होता. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. मग त्यांनीच एक कागद काढला आणि शाईचं पॅड खिडकीतून बाहेर सरकवलं. "यावर लिहिलंय की मी धाकलू यांची लग्नाची बायको आहे. अंगठा द्या, मी एखादी जुनी तारीख टाकते. सगळ्यांचं असंच करतो आम्ही." आईने उजवा हात पदराखाली घेतला. "मी नाय देत," ती म्हणाली, आणि रांगेतून बाजूला होऊन दारापाशी जाऊन उभी राहिली.

स्टँडवर मी तिला काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. रस्त्यावर भांडायची मला लाज वाटते, पण त्या दिवशी वाटली नाही. काय जात होतं तुझं, एक अंगठा द्यायला? रेशनच्या दुकानात देतेस, बँकेत देतेस, मतदानाला बोट देतेस. सगळी वाडी तुला धाकलूची भिमी म्हणून ओळखते, मग कागदाला तेवढं सांगायला काय झालं? ती शेणव्याच्या गाडीची पाटी बघत उभी होती, जसं काही मी दुसऱ्याच कुणाशी बोलतेय. शेवटी म्हणाली, "जे झालं नाय ते झालं कसं बोलू गो?" आणि गाडीत चढून बसली. खिडकीतून मला म्हणाली, जेवून घे. मला तेव्हा वाटलं, ही भोळी आहे. डोंगरातली माणसं अशीच, विचारलं की खरं सांगून मोकळी होतात, मग कोणी विचारलं आणि कशाला विचारलं याचा विचार नाही. मीही त्याच डोंगरातली, पण आश्रमशाळेत आणि नंतर शहापुरात मी शिकले होते की खिडकीवर खरं सांगायचं नसतं, चालेल ते सांगायचं असतं.

केंद्रात परत आले तर अनिता मॅडम बसलेल्या होत्या. आसनगावकडच्या नव्या टॉवरमध्ये त्या वर्षभरापूर्वी नागपूरहून राहायला आल्या. बाई गोड बोलते, चहा पाजते. "रंजिता, आम्ही इथे नवीन आहोत ना, तर आम्हाला काय काय मिळू शकतं गं?" हॉटेलात बसल्यावर विचारावं तसं त्यांनी विचारलं, आणि मीही वेटरसारखी सांगत गेले: मुलीसाठी हे, मुलगी शाळेत गेली की ते, उपचारांसाठी हे कार्ड, रहिवासी दाखला लागेल, तो लाइट बिलावर निघेल. त्यांची सगळी कागदं प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकेक वेगळी. त्यात लग्नाचं प्रमाणपत्रही होतं, दोघांचे फोटो चिकटवलेलं, वर गोल शिक्का. ते मी जरा जास्तच वेळ हातात धरलं असावं, कारण त्या म्हणाल्या, हवंय का ते? नको, म्हटलं, यात लागत नाही. त्यांचा काही दोष नव्हता. नियमाने त्यांना जे मिळतं ते मिळावं. पण वर्षभरात ती बाई इथली झाली, आणि माझी आई, जिने बारवी नदीपासून भातसा नदीपर्यंतच्या सगळ्या रानात कुठे कुठली भाजी उगवते ते पायांनी पाठ केलंय, ती अजून कुणाचीच कुणी नव्हती. मी अर्ज भरला, प्रिंट काढली, पैसे घेतले आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत बसले.

मला घाई होती. भात कापून झालं, दिवाळी झाली की वाडीत वीटभट्टीचा ट्रक येतो. भिवंडीकडच्या भट्ट्या. माणसं, भांडी, कोंबड्या, पोरं सगळं ट्रकात चढतं आणि पावसाच्या तोंडाला परत येतं. मी लहानपणी त्या ट्रकात गेले आहे, नंतर आश्रमशाळेमुळे सुटले. आई-बाप मात्र दरसाल जात राहिले. गेली दोनतीन वर्षं आईच्या छातीत तिथली धूळ आणि राख बसली आहे. रात्री आडवी झाली की शिट्टी वाजते, उशाला टेकून बसावं लागतं. शहापूरच्या डॉक्टरने सांगितलं, भट्टीचं काम बंद. बाप होता तोवर तो गारा तुडवायचा, जड ते सगळं उचलायचा, ती नुसती साच्यातून विटा काढून पालथ्या घालायची. भट्टीवर एकेकट्या माणसाला घेत नाहीत, जोडी घेतात. नथू मुकादम दारात उभा राहून ओरडायचा, किती जोड्या? धाकलू-भिमी, एक जोडी. त्याने कधी विचारलं नाही की लग्न झालंय का. आता तिची जोडी मोडली होती. नथू म्हणाला होता, सुटी बाई म्हणून घेईन, डोक्यावरून कच्च्या विटा भट्टीपर्यंत वाहायच्या. म्हणजे सगळ्यांत वाईट काम. मी केंद्रात जे कमावते त्यात माझी सापगावची खोली आणि भगीरथची आयटीआय कशीबशी भागते, आणि माझ्या खोलीवर येऊन बस म्हटलं तर आई म्हणते, पोरीच्या घरी बसून खाणारी मी नाय. पेन्शन तिचं स्वतःचं असतं. ते घेऊन ती वाडीत, स्वतःच्या घरात, भट्टीवर न जाता बसू शकली असती. इतकं साधं होतं ते. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

आमच्यात लग्न राहून जाणं ही काही मोठी गोष्ट नाही. बाई माणसाकडे राहायला येते, संसार सुरू होतो, पोरं होतात. लग्न म्हणजे धवलेरी आणायची, ती लग्न लावणारी बाई, तिने दोघांची नावं घेऊन गाणी म्हणायची, देवांना सांगायचं, आणि मग सगळ्या वाडीला दोन दिवस जेवण. ते जमलं की करायचं. कुणाचं पाच वर्षांनी जमतं, कुणाचं पोरांच्या लग्नात त्याच मांडवात उरकतं. तोवर कुणी कुणाला नावं ठेवत नाही. बाप दर वर्षी भट्टीवरून आला की म्हणायचा, औंदा करू. मला त्याचा तो आवाजसुद्धा आठवतो, खाटेवर आडवा होऊन, विडी हातात, भिमे, औंदा करू. एका वर्षी छप्पर गेलं. एका वर्षी त्याची आई आजारी पडली. एका वर्षी मला आश्रमशाळेत घालायचं होतं. एका वर्षी काहीच नव्हतं आणि तरी झालं नाही. आई हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. चुलीत लाकूड सारायची. मला हे सगळं नेहमीसारखंच वाटत आलं, छपरावरच्या धुरासारखं, रोज दिसतं म्हणून न दिसणारं.

भाद्रपद संपता संपता मी वाडीवर गेले. हळवं, लवकर पिकणारं भात तयार झालं होतं आणि घरात नव्या भाताचा दिवस होता. आमच्यात नवा भात आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या आईला, शिजवून दाखवतात आणि मगच माणसं खातात. तो भात घरच्या लग्नाच्या बाईने रांधायचा. आमच्या घरात तो नेहमी ताराबाई आत्या रांधायची, बापाची बहीण, दोन घरं सोडून दिलेली. मी केंद्रातून तसाच अंगठ्याचा कागद बॅगेत घालून आणला होता, शाईचं पॅडसुद्धा. आल्या आल्या आईच्या मागे लागले. तिने मला चहा दिला, म्हणाली, आज नको. आत्या आली, आंघोळ केलेली, केस ओले. ती सरळ आत देवाच्या कोपऱ्यात गेली. भगीरथ आत गेला, मी आत गेले. आई ओसरीवर उभी राहिली, एक हात मेढीच्या खांबाला लावून. चुलीला लागणारं पाणी ती उंबऱ्यापर्यंत आणत होती आणि उंबऱ्यावर ठेवत होती, आणि आत्या ते आतून उचलत होती. मी लहानपणापासून हे बघत आले. मला वाटायचं, आई कामात असते म्हणून बाहेर असते. त्या दिवशी ती काही काम करत नव्हती. ती नुसती बघत होती, आणि आत्या तिच्याकडे बघत नव्हती. भात झाल्यावर आत्याने पहिलं पान दाखवलं, मग आम्हाला वाढलं, आणि शेवटी आईचं पान ओसरीवर नेऊन दिलं. मी ते पान बघितलं आणि मला कसलातरी राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना, म्हणून मी तो आईवरच काढला. म्हटलं, आता तरी अंगठा दे. ती म्हणाली, "जेव आदी." कागद तसाच बॅगेत परत गेला.

मग मला वाटलं, मामाचं ऐकेल. हनुमान मामा तिचा धाकटा भाऊ, एकदा पंचायतीला निवडून आलेला, त्याला कागदाची रीत ठाऊक आहे. तो धसईच्या बाजाराला उतरतो म्हणून बाजाराच्या दिवशीच आईला घेऊन निघाले, शहापूर, मुरबाड, धसई. मुरबाडला गाडी बदलताना एका ओळखीच्या माणसाला विचारलं, आमच्या आईचं इकडून काही होईल का, मूळची इकडची आहे. तो म्हणाला, इकडून तिचं नाव कधीच कापलं, ती आता शहापूरवाली. शहापुरात ती मुरबाडवाली होती. आई शेजारी उभी राहून ऐकत होती, आणि तिने विचारलं, "धसईची गाडी हीच का?"

मामा काकड्या आणि तांदूळ घेऊन बसला होता. त्याने आम्हाला बाजूच्या बाकावर बसवलं, भजी आणली, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाय, दे ना अंगठा. सगली देतात. कोन बघाला येतंय?"

आईने भज्याचा कागद मुडपला. तिच्या श्वासात ती शिट्टी होती, चढ चढून आल्यासारखी, आणि ती थांबत थांबत बोलत होती, पण आवाज चढवला नाही.

"हनुमान, मी तुमच्या घरातून रातची पलाली नाय. दिवसाढवल्या गेली, सगल्यांच्या देखत. लगीन करीन बोल्ला म्हनून गेली. मंग दर साल नवा भात आला का तारा आत, माजी पोरां आत, नि मी वसरीवर. मी लावनी केली, मी कापला, मी झोडला, नि मी भायेर. तो बघाचा ना. बघून खाली बघाचा. एका वर्साला जरी करता तं काय झालं असतं? कोंबडी कापली असती, दोन पायली भात शिजवला असता. नाय केलं त्याने. नि आता मेला तं मी कागदावर आत जाऊ? त्याने केलं नाय ते केलं म्हनून मी सांगू, नि त्याला मोकला करू?"

एक गिऱ्हाईक काकड्या हातात घेऊन भाव विचारत होतं, त्याच्याकडे मामाने बघितलं नाही. मी आईच्या हाताकडे बघत होते, त्या तेलकट कागदाची घडी घालणाऱ्या. ही बाई भोळी नव्हती. ती चिडलेली होती. मी जन्मायच्या आधीपासून ती चिडलेली होती, आणि मी तिच्या घरात वाढले तरी मला ते कळलं नाही, कारण तिने भांडी आपटली नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, नुसती ओसरीवर उभी राहिली. लोक म्हणतात माझा चिडकेपणा बापाच्या आईवर गेलाय. तिथे धसईच्या बाजारात, भज्यांच्या धुरात बसून मला पहिल्यांदा समजलं तो कुणावर गेलाय. आणि तरीही, हेही सांगते, मला तिचा राग आलाच. मेलेल्या माणसाशी कसलं भांडण? तो हरणार नाही आणि तुझ्या छातीत शिट्टी वाजतेय. हे मी मोठ्याने म्हणाले. आई म्हणाली, "तो नाय हरनार. म्हायत हाय मला."

मामाने त्या गिऱ्हाइकाला काकड्या फुकटच देऊन घालवलं आणि म्हणाला, "मंग लगीन लावू." आमच्यात तेही आहे. आई-बापाचं लग्न राहिलं असेल तर पोरांचं लागत नाही, म्हणून एकजण गेला असला तरी त्याचा कपडालत्ता पाटावर ठेवून आधी त्यांचं लावतात. "भगीरथच्या टायमाला लावाचंच हाय. तं आता लावू. मंग देशील अंगठा?" आईने बराच वेळ विचार केला, जसं काही कुणी तिला मागणीच घातली होती. मग म्हणाली, "लागलं तं देईन." मी लगेच हो म्हटलं. स्कूटीसाठी बाजूला ठेवलेलं सगळं घालते म्हटलं. माझ्या डोक्यात तेव्हा लग्न नव्हतं, अंगठा होता.

धवलेरी म्हातारी कुरकुरली. हे लगनाचे दिस नायत, कापणी चाललीय, देव झोपलेत. मामा म्हणाला, मेलेल्याला कसले दिस. दिवाळी होऊन ट्रक यायच्या आधीचा एक सोमवार ठरला. मी सुट्टी काढली. वाडीतल्या बायकांनी आईला अंगणात बसवून हळद लावली, आणि पहिल्यांदा सगळ्या गंभीर होत्या, मग एकीने काहीतरी चावट म्हटलं आणि सगळ्या फिदीफिदी हसायला लागल्या, आईसुद्धा, हसता हसता खोकायला लागली. बापाचा पांढरा शर्ट पाटावर ठेवला, मतदानाला घालायचा तो, इस्त्री केलेला. आत्याने त्याची बाही आईच्या पदराला बांधली. गाठ मारताना ती एकसारखी म्हणत होती, वयनी, मी कदी बोल्ली नाय गो, मी कदी बोल्ली नाय. आईने गाठ नीट बसावी म्हणून पदर ताणून धरला. मी मोबाइलवर फोटो काढत होते. पुरावा म्हणून. सवयच ती. मग फोटो बघितला तर त्यात हळदीने माखलेली एक म्हातारी बाई आणि एक रिकामा शर्ट, आणि मी मोबाइल बंद केला. धवलेरीचा आवाज फाटका होता, दम लागत होता, पण ती सोडायला तयार नव्हती. भिमी आणि धाकलू, धाकलू आणि भिमी, एकेका देवाचं नाव घेऊन ती त्यांना सांगत राहिली. ऊन उतरलं तेव्हा आई घरात गेली. त्या उंबऱ्यावरून ती रोज आत-बाहेर करायची, पण या वेळी ती सरळ देवाच्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच उभी राहिली. आम्ही सगळे ओसरीवर थांबलो. भगीरथ माझ्या कानात म्हणाला, ती आत काय करतेय? मी म्हटलं, गप बस. बाहेर आली तेव्हा तिने स्वतःच एकेक करून बांगड्या उतरवल्या आणि आत्याच्या हातात दिल्या, कारण आता ती विधवा होती. मग म्हणाली, मटन थंड होतंय, बसा सगल्यांनी.

त्याच आठवड्यात मी तिला परत त्या खिडकीवर नेलं. मॅडम त्याच. त्यांनी आईला ओळखलं, बऱ्या आहात ना मावशी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांचे डोळे मोठे झाले, मग त्यांनी पटकन अर्ज उघडला, जणू काही विचार बदलायच्या आत उरकायला हवं. "तारीख?"

"सोमवारची," आई म्हणाली. "ह्या गेलेल्या."

मॅडमनी टाकली. कॉम्प्युटरने घेतली नाही. पुन्हा टाकली, पुन्हा लाल अक्षरं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. लग्न मरणाच्या नंतरचं असू शकत नाही, असं काहीतरी लिहिलं होतं. "मी काय करू, तू सांग," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता तर खरंच लागलंय ना? मग मागची एखादी तारीख दे. मी टाकते, त्या अंगठा देतील, झालं." आणि ते खरं होतं. आईने अंगठा देईन म्हटलं होतं आणि ती शब्द पाळणार होती. तिला वाचता येत नव्हतं. ती स्क्रीनकडे बघतही नव्हती, माझ्याकडे बघत होती. रोज मी लोकांची वयं, वस्त्या, उत्पन्नं थोडी इकडे थोडी तिकडे सरकवून बसवते, शिंप्याने शिवण सोडावी तशी. एका वैशाखातली तारीख माझ्या तोंडाशी आली होती. मी ती म्हटली असती तर महिनाभरात पेन्शन सुरू झालं असतं. आणि ती म्हटली असती तर मी जन्मले तेव्हापासून ती बाई आत होती असं झालं असतं, आणि बाप सुटला असता.

"आई," मी म्हटलं, "सोमवारची घेत नाय हे. मागची टाकू का?"

"सोमवारची हाय ना?" ती म्हणाली. "मंग सोमवारची लिव."

मी मॅडमना म्हटलं, सोमवारचीच लिहा. त्या म्हणाल्या, अगं, जाणार नाही हा अर्ज. मी म्हटलं, मग हाताने लिहा. त्या म्हणाल्या, हाताने लिहिलेलं वर कुणी बघत नाही, त्रुटी काढून परत पाठवतील, तुला तर माहीत आहे. माहीत होतं. माझा आवाज चढला असावा, कारण रांगेतली माणसं पुढे वाकून बघायला लागली. पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते: तो अर्ज परत आला, मी दुसरा केला, तोही परत आला, आता तिसरा कुठल्या टेबलावर आहे ते मी दर सोमवारी विचारते. त्याच शनिवारी ट्रक आला आणि आई त्यात चढली, सुटी बाई म्हणून. मी नथूशी भांडले, तिच्याशी भांडले, ट्रकाच्या फाळक्याला धरून उभी राहिले, आणि ती वरून म्हणाली, जेवून घे.

पण त्या दिवशी मॅडमनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि एक कोरा कागद ओढून त्यावर निळ्या पेनाने लिहायला लागल्या. मोठ्याने म्हणत म्हणत लिहीत होत्या, म्हणजे आईला कळावं. धाकलू श्रावणात वारले. भिमी यांचं त्यांच्याशी कार्तिकात लग्न झालं. त्या त्यांच्या लग्नाच्या बायको आहेत. त्या लिहीत असताना आई खिडकीच्या गजाला तोंड लावून ऐकत होती, आणि 'कार्तिकात' या शब्दाला तिने मान हलवली. मग शाईचं पॅड बाहेर आलं. आईने पदराखालून हात काढला, अंगठा पॅडवर टेकला, मग कागदावर, आणि सगळं अंग त्यावर टाकल्यासारखा दाबून धरला. आपल्यामागे अजून माणसं आहेत, हे शेवटी मला तिला सांगावं लागलं.